बोलावल्यावर येत नाही

"मेल चालतोय गं. पण बोलावल्यावर येत नाही."

एप्रिल २०२३मधला बाबांचा फोन. मी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कॅबमध्ये अडकले होते, नाइट शिफ्ट सुरू व्हायला वीस मिनिटं उरली होती, आणि मला हसू आलं. म्हटलं, "बोलावल्यावर येत नाही म्हणजे? मांजर आहे का ते?" तेही हसले. मग म्हणाले, "बघ की जरा, वेळ मिळाला की. बिलाचं नवीन व्हर्जन टाकल्यापासून होतंय."

या दोन वाक्यांत सगळं होतं. बिघाड नेमका काय आहे आणि कधीपासून आहे. मी आयटी सपोर्टमध्ये काम करते. आमच्याकडे लोक "इट्स नॉट वर्किंग" एवढंच लिहून तिकीट टाकतात आणि बाकीची माहिती काढायला आम्हाला तीन-तीन मेल करावे लागतात. बाबांनी ती न विचारता दिली होती. ती माझ्या डोक्यात शिरायला पाच महिने लागले.

बाबांचं सांगलीत ठिबक सिंचनाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. लॅटरल, ड्रिपर, फिल्टर, व्हॉल्व्ह, जॉइनर, एंड कॅप. गिऱ्हाइकांत शेतकरी कमी, बाहेरगावचे दुकानदार जास्त. तासगाव, विटा, कवठेमहांकाळ, जत. सीझनला दिवसाला पंधरा-वीस बिलं होतात. ती एका जुन्या बिलिंग प्रोग्रॅमवर बनतात, आणि त्यात 'मेल बिल' असं एक बटण आहे. ते दाबलं की बिलाची पीडीएफ तयार होते, मेलची खिडकी पुढे येते, त्यात दुकानदाराचा पत्ता आधीच भरलेला, बिल जोडलेलं, विषयाच्या ओळीत बिल नंबर. बाबांनी फक्त 'सेंड' दाबायचं. म्हणजे, असं होत होतं. आता बटण दाबलं की इंग्रजीत एक पाटी येत होती: एरर ३२००२, अनस्पेसिफाइड फेल्युअर हॅज ऑकर्ड. ओके. पाटी जाते, मेल येत नाही.

'बिल व्हॉट्सअ‍ॅपवर का नाही पाठवत?' हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. माझ्याही आला होता आणि मी तो फार वाईट पद्धतीने विचारला, ते पुढे येईलच. उत्तर साधं आहे. दुकानदाराचा फोन दुकानदाराच्या खिशात असतो, हिशेब लिहिणारा माणूस दुसरा असतो आणि जीएसटीचं रिटर्न भरणारा तिसरा. बिल मेलवर असलं की ते तिघांनाही सापडतं. व्हॉट्सअ‍ॅपवर ते लग्नपत्रिका आणि गुड मॉर्निंगच्या गुलाबांखाली गाडलं जातं.

आता थोडं यंत्राबद्दल, कारण त्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. आपण फोनवर फोटो उघडतो आणि 'शेअर' दाबतो. खाली अ‍ॅप्सची रांग येते. अँड्रॉइडमध्ये या मागणीला 'इंटेंट' म्हणतात. एक अ‍ॅप सिस्टीमला सांगतं, माझ्याकडे ही फाईल आहे, ती पाठवायचा इरादा आहे, कोण पाठवेल? आणि जी अ‍ॅप्स हात वर करतात त्यांची यादी आपल्याला दिसते. हे इतकं सवयीचं आहे की एक अ‍ॅप दुसऱ्याला हाक मारतंय हे लक्षातही येत नाही.

विंडोजवर मेलच्या बाबतीत हेच काम मॅपी नावाची व्यवस्था करते. मेसेजिंग अ‍ॅप्लिकेशन प्रोग्रॅमिंग इंटरफेस. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. तिच्यातला साधा प्रकार, सिंपल मॅपी, म्हणजे जेमतेम डझनभर फंक्शनं: लॉगिन कर, मेल पाठव, पत्ता शोध, वगैरे. वेबपेजवर 'आम्हाला लिहा' असं दाबल्यावर मेलची खिडकी उघडते ती 'मेलटू' लिंक वेगळी. मेलटूच्या नियमांत फाईल जोडायची सोयच नाही. म्हणून ज्या प्रोग्रॅमला बिल, पत्रक, अहवाल असं काही जोडून पाठवायचंय, तो अजूनही या तीस वर्षांच्या म्हाताऱ्या मॅपीकडे जातो.

बिलिंग प्रोग्रॅम विंडोजला विचारतो, इथे टपाल कोण बघतं? विंडोज रजिस्ट्रीतल्या एका ठरलेल्या जागी नाव वाचते. त्या नावाखाली एका डीएलएल फाईलचा पत्ता असतो. ती फाईल बिलिंग प्रोग्रॅमच्या पोटात जाऊन बसते आणि तिथून मेलच्या प्रोग्रॅमला हाक मारते. या साखळीतली कुठलीही कडी निसटली तरी बाहेरून दिसणारं चित्र एकच असतं. मेल स्वतः उघडला तर ठणठणीत. बोलावल्यावर येत नाही.

आणि ३२००२ हा आकडासुद्धा काही सांगत नाही. मॅपीच्या चुका १, २, ३ अशा क्रमाने आहेत. १ म्हणजे माणसाने स्वतःच रद्द केलं. ३ म्हणजे लॉगिन जमलं नाही. मधला २ म्हणजे नुसतं अपयश. जुनं व्हिज्युअल बेसिक त्यात ३२००० मिळवून दाखवतं. कारण माहीत नाही, पण जमलं नाही.

बाबांचं हे मशीन मीच लावून दिलेलं. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला तेव्हाचं जुनं मशीन पाण्यात गेलं. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे, पाणी ५७ फुटांच्या वर चढलं होतं. दुकानात काय काय भिजलं ते सांगत बसत नाही. सांगलीतल्या निम्म्या घरांकडे तीच यादी आहे. बाबांनी रद्दीसारखे फुगलेले लेजर गच्चीवर दोरीला वाळत घातले होते. कंप्युटर मात्र गेला, आणि त्याच्यासोबत त्यात उतरवून ठेवलेले सगळे मेलही. दिवाळीत मी घरी आले तेव्हा नवीन मशीन खोक्यात वाट बघत होतं. मी त्यावर मोझिलाचं थंडरबर्ड टाकलं, यावेळी मेल सर्व्हरवरही राहतील अशा बेताने. बिलिंग प्रोग्रॅम जुनाच. बाबांच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहिलेला. ही भाषा १९९८ची, माझ्यापेक्षा चारच वर्षांनी लहान. तो नव्या विंडोजवर सुरुवातीला चालेना, मग मी काहीतरी करून चालवला. संध्याकाळी मैत्रिणींबरोबर कोल्हापूरला जायचं होतं. 'काहीतरी करून' म्हणजे काय केलं, हे मी कोल्हापूरच्या रस्त्याला लागायच्या आतच विसरले.

ते गृहस्थ कोविडच्या काळात गेले. आता त्यांच्या हाताखाली शिकलेला एक मुलगा प्रोग्रॅम सांभाळतो, आणि एप्रिल २०२३मध्ये, नवीन आर्थिक वर्षाच्या निमित्ताने, त्याने नवीन व्हर्जन दिलं होतं.

एप्रिल आणि मेमध्ये मी पुण्यातून तीनदा प्रयत्न केला. स्क्रीन शेअर करायचं एक फुकट साधन असतं, आकडे टाकले की समोरच्याचा पडदा आपल्याला दिसतो. पहिल्यांदा मी जे प्रत्येक जण करतो ते केलं: सेटिंगमध्ये जाऊन डीफॉल्ट मेल प्रोग्रॅम कोण आहे ते बघितलं. थंडरबर्डच होतं. तरी दुसरं काही निवडून परत थंडरबर्ड निवडलं. दुसऱ्यांदा रजिस्ट्री उघडून नाव आणि डीएलएलचा पत्ता तपासला. बरोबर. मग बिट्सचा संशय. बिलिंग प्रोग्रॅम ३२ बिटचा आहे; ६४ बिटची डीएलएल ३२ बिटच्या प्रोग्रॅमच्या पोटात जाऊच शकत नाही, हे अशा तक्रारींचं अगदी नेहमीचं कारण. पण मी २०१९मध्ये हे लक्षात ठेवून थंडरबर्डही ३२ बिटचंच टाकलं होतं. तेवढ्यापुरती मला स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली.

तिसऱ्यांदा थंडरबर्ड काढून पुन्हा टाकलं. मध्येच पडदा पूर्ण काळा झाला. मी म्हटलं, "बाबा, नेट गेलं वाटतं तुमचं." ते म्हणाले, "नाही गं, ते विचारतंय, यस का नो." "मग यस करा ना." पडदा परत आला. नवीन थंडरबर्ड सुरू करताना पुन्हा तसंच झालं. काळा पडदा, पाच सेकंद, परत उजेड. मी मनातल्या मनात सांगलीच्या ब्रॉडबँडला नावं ठेवली. मग आम्ही 'मेल बिल' दाबलं. ३२००२.

जूनमधला फोन मला आठवायला आवडत नाही. त्या रात्री ऑफिसमध्ये एक मोठं आउटेज चालू होतं. पी-वन तिकीट, दर पंधरा मिनिटांनी अपडेट, कॉलवर तीन देशांतली माणसं. त्यांतला एक जण माझ्यावर सरळसरळ ओरडत होता आणि मी शांतपणे, प्रशिक्षणात शिकवतात तशी, त्याचा त्रास मला समजतो असं सांगत होते. तेवढ्यात बाबांचा फोन. उचलला कारण रात्रीचे साडेनऊ झाले होते आणि काही झालं असेल असं वाटलं. बाबा म्हणाले, "ते बिलाचं अजून तसंच आहे. तू म्हणलेलीस शनिवारी बघते."

मी म्हटलं, "बाबा, जगात कोण वापरतं हे आता? व्हॉट्सअ‍ॅप करा ना सगळ्यांना. मी इथे काय फक्त तुमचं बिल बघायला बसलेय का?"

"बरं," बाबा म्हणाले. "असू दे."

त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही. मी सुरुवातीला दोन-तीनदा, अपराधी वाटून, "बिलाचं काय?" असं विचारलं. "चाललंय" असं उत्तर आलं. मला वाटलं, त्या मुलाने दुरुस्त करून दिलं असेल. खरं सांगायचं तर मला तसं वाटून घ्यायचं होतं.

गणपतीला घरी गेले. चतुर्थीच्या आदल्या रात्री आई मोदकाचं सारण परतत होती, मी वेलची सोलत होते. आई म्हणाली, "विट्याचं तुला कळलं का?" मला काही कळलं नव्हतं. आईने एक नजर दाराकडे टाकली आणि आवाज खाली आणला.

बटण बंद पडल्यापासून बाबा बिलं हाताने मेल करत होते. पत्ताही हाताने टाइप. दोन-तीन अक्षरं टाइप केली की थंडरबर्ड आपण पूर्वी वापरलेले पत्ते सुचवतं, ती सोय बाबांना आवडायची. जूनमध्ये तासगावच्या एका दुकानदाराचं बिल त्यांनी विट्याच्या दुकानदाराला पाठवलं. दोन्ही पत्त्यांची सुरुवात 'साई'ने. आमच्या भागात दुकानाचं नाव 'साई'ने सुरू होत नसेल तर 'श्री'ने होतं, त्यामुळे यात नवल काही नाही. पण बिलात रेट असतात आणि सूट असते. तासगावकराला विटेकरापेक्षा तीन टक्के सूट जास्त होती, कारण तो रोखीने घेतो. विट्याच्या माणसाने ते बिल छापलं आणि फोन करून विचारलं, अठरा वर्षं माल घेतोय, माझ्यात काय कमी होतं? बाबा दुसऱ्या दिवशी एसटीने विट्याला गेले. परत आले ते जेवले नाहीत. पुढचे दोन महिने तिकडून ऑर्डर नाही.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"तू कामात असतेस," आई म्हणाली. तिने ते टोमण्यासारखं म्हटलं नाही. त्यामुळे जास्त लागलं.

गणपती बसल्यावर तिसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. काही बोलले नाही, नुसती बाजूच्या स्टुलावर बसले आणि बाबा काय करतात ते बघत राहिले. हे काम मी गेली सहा वर्षं पगार घेऊन करते, पण त्यांच्याशेजारी बसून त्यांना कंप्युटर वापरताना मी कधीच बघितलं नव्हतं. नेहमी माउस त्यांच्या हातातून काढून घेतला होता.

बिल पीडीएफ म्हणून 'आजची बिलं' नावाच्या फोल्डरमध्ये सेव्ह. मग मेलची खिडकी. मग टेबलावरची डायरी उघडून दुकानदाराचा पत्ता. डायरीतल्या ओळीवर डाव्या हाताचं बोट, उजव्या हाताच्या एका बोटाने टाइप. सुचवलेला पत्ता आला की तो घ्यायचा नाही, पूर्ण टाइप करायचा. टाइप झाल्यावर चष्मा वर करून एकेक अक्षर डायरीशी ताडून बघायचं. हे विट्यानंतरचं. मग क्लिपच्या चिन्हावर क्लिक, फोल्डर शोधा, फाईल निवडा, जोडा. सेंड. मग डायरीत बिल नंबरासमोर लाल पेनाने बरोबरची खूण. मी घड्याळ लावलं. एका बिलाला चार मिनिटं. पंधरा बिलांना एक तास. एप्रिलपासून, रोज.

न राहवून मी म्हटलं, "फाईल तिथून ओढून मेलमध्ये टाका की, क्लिपवर कशाला जाताय?"

"ते ओढून जात नाही. काळं गोल चिन्ह येतं. तुला सांगितलेलं मी, लॉकडाउनच्या दिवाळीत."

सांगितलं होतं. मला आठवलं. मी म्हटलं होतं, तुम्ही माउस नीट धरत नसाल.

त्यांनी पुढचं बिल काढायला घेतलं आणि मी ती डायरी ओढून घेतली. खत कंपनीची जुनी डायरी. पुढून दुकानदारांचे पत्ते, आणि मागून, उलट्या बाजूने, वेगळंच काहीतरी. तारखा होत्या. १२ एप्रिल: ३२००२. १३ एप्रिल: ३२००२, मेल आधी उघडून. त्याच दिवशी: मेल बंद ठेवून, ३२००२. १७ एप्रिल: मशीन बंद-चालू करून, तेच. २९ एप्रिल: मुलीने पुण्यातून बघितलं, तेच. बाबांनी आयुष्यभर खतावणी लिहिली आहे. उधारी ज्या शिस्तीने मांडायची त्याच शिस्तीने त्यांनी माझ्या नोकरीतलं काम केलं होतं: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झालं ते लिहायचं. आमच्याकडच्या नव्या पोरांना हे शिकवायला महिना जातो.

आणि मग ही नोंद. ३ जुलै: तो मुलगा येऊन अपडेट टाकून गेला. त्याने चालू करून दिलं तेव्हा मेल गेला, ४ बिलं. दुपारी बंद करून मी चालू केलं, परत ३२००२. खाली दोन रेघा.

ती नोंद मी तीनदा वाचली. त्याने चालू केलं तर जातं, यांनी चालू केलं तर नाही. मशीन तेच, प्रोग्रॅम तोच, बटण तेच. मग फरक कशात? अपडेट टाकणारा इन्स्टॉलर सहसा अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने चालतो. शेवटच्या खिडकीत 'प्रोग्रॅम सुरू करा' अशी टिक असते. ती ठेवली तर इन्स्टॉलर स्वतःच प्रोग्रॅम सुरू करतो आणि आपले अधिकार त्याला देतो. म्हणजे त्या चार बिलांच्या वेळी बिलिंग प्रोग्रॅम वरच्या पायरीवर होता. पण वरच्या पायरीवरून हाक मारली तरच मेल येत असेल, तर मग मेल स्वतः कुठे आहे?

"बाबा, मेल एकदा बंद करून उघडता का?"

त्यांनी बंद केला, आयकॉनवर डबल क्लिक केलं. पडदा मंद झाला, मधोमध निळी पाटी आली: या अ‍ॅपला तुमच्या मशीनमध्ये बदल करू द्यायचे का? बाबांचा माउस ती पाटी यायच्या आधीच 'यस'च्या जागी जाऊन थांबला होता.

"हे काय?"

"हे रोजचंच. सकाळी विचारतंय, मी हो म्हणतो."

ही पाटी येते तेव्हा विंडोज तिच्यासाठी वेगळा, कडेकोट पडदा वापरते. लांबून मशीन बघणाऱ्याला तो दिसत नाही, त्याला फक्त काळोख दिसतो. माझं नेट, त्यांचं नेट, सांगलीचं ब्रॉडबँड, सगळं व्यवस्थित होतं. बाबांनी मला तेव्हाच सांगितलं होतं, ते विचारतंय, यस का नो. मी विचारलं नव्हतं की कोण विचारतंय.

मेलच्या प्रोग्रॅमला ही परवानगी लागतच नाही. मी थंडरबर्डच्या आयकॉनवर राइट क्लिक केलं, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी. तिथे टिक होती: हा प्रोग्रॅम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. आणि मला दिवाळी २०१९ची ती दुपार लख्ख आठवली.

जुना बिलिंग प्रोग्रॅम आपली माहिती स्वतःच्याच फोल्डरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहायचा. व्हिस्टापासून विंडोज साध्या प्रोग्रॅमला तिथे लिहू देत नाही. म्हणून मी त्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची टिक मारली. तो चालला, पण मग त्याने बोलावलं तरी मेल येईना. तेव्हा कारण शोधायच्या ऐवजी मी मेललाही तीच टिक मारली. दोघं वरच्या पायरीवर, दोघांचं एकमेकांशी जमलं, मी कोल्हापूरला. एखाद्या क्लायंटच्या मशीनवर कुणी असं केलेलं दिसलं असतं तर मी त्याला ओळीने चार नियम ऐकवले असते.

एप्रिल २०२३च्या नव्या व्हर्जनमध्ये त्या मुलाने योग्य तेच केलं होतं. माहितीचं फोल्डर डी ड्राइव्हवर नेलं, प्रोग्रॅमही तिथे नेला, वरच्या अधिकारांची गरजच संपवली. ही टिक प्रोग्रॅमच्या पत्त्यावर मारलेली असते. पत्ता बदलला, टिक मागे राहिली. बिलिंग खाली आलं आणि मेल एकटाच वर राहिला. थंडरबर्ड पुन्हा टाकूनही फरक पडला नाही तो याचमुळे, ते परत त्याच पत्त्यावर गेलं आणि टिकेने त्याला तिथे गाठलं.

विंडोज प्रत्येक चालू प्रोग्रॅमला एक पातळी देते: खालची, मधली, वरची. खालच्या पातळीवरून वरच्याला हाक मारता येत नाही, खिडकीत फाईल ओढून टाकणंसुद्धा चालत नाही. ते काळं गोल चिन्ह म्हणजे हेच. यात वेडेपणा काही नाही. नाहीतर कुठलाही फालतू प्रोग्रॅम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या खिडकीत घुसून स्वतःच बटणं दाबू लागेल. यातून आमच्या घराबद्दल काय निष्कर्ष निघतो ते मला दिसत होतं, तुम्हालाही दिसत असेल. तो इतका आयता आहे की मी त्याला हात लावणार नाही. विंडोजकडे निदान कारण तरी होतं.

मी टिक काढली. अप्लाय, ओके. "आता मेल उघडा." डबल क्लिक. निळी पाटी आली नाही, मेल उघडला. "आता बिलातून." बाबांनी पुढचं बिल काढलं, 'मेल बिल' दाबलं. खिडकी आली. पत्ता भरलेला, बिल जोडलेलं, विषयाच्या ओळीत नंबर. बाबांनी सेंड दाबलं नाही. आधी चष्मा वर करून पत्ता डायरीशी ताडून बघितला, अक्षरन् अक्षर. मग दाबलं.

"काय होतं?"

"माझीच चूक होती. मी एक टिक मारून ठेवलेली, चार वर्षांपूर्वी."

"असं व्हय," ते म्हणाले, आणि फोल्डरमधून एक जुनं बिल ओढून मेलच्या खिडकीत टाकून बघितलं. गेलं. परत काढलं, परत टाकलं. तीनदा केलं.

मी विचारलं, "विट्याचं काय झालं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "आईने सांगितलं होय. देतोय आता ऑर्डर. पूर्वीसारखी नाही, पण देतोय." मग जरा थांबून, "सूट वाढवून दिली त्याला. द्यायलाच पाहिजे होती तशी."

मी त्या जूनमधल्या फोनबद्दल काहीतरी बोलायला सुरुवात केली. तेवढ्यात दुकानात एक जण सोळाची एंड कॅप विचारत आला आणि बाबा उठून काउंटरला गेले. ते आत गेल्यावर मी डायरी उलटी उघडून तारीख टाकली आणि काय सापडलं, काय केलं ते लिहिलं, त्यांच्यासारखंच एका ओळीत. खाली दोन रेघा मारल्या.

पुण्याला परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला फोन वाजला. शिफ्ट संपवून मी नुकतीच झोपले होते. बाबा.

"अगं, मेल उघडला. पण ते आता विचारत नाही, यस का नो. मी थांबलोय मघापासून."

"नाही विचारणार आता."

"बरोबर आहे ना पण? मी काही दाबलं नाही."

"बरोबर आहे, बाबा," मी म्हटलं, आणि उठून बसले. "अजून काय दिसतंय स्क्रीनवर? वाचा बघू."